वसंत आला हे ओळखायचं कसं? पळस, तांबट, मोगरा आणि आंब्याचा मोहोर काय सांगतात?

फेब्रुवारी उजाडला की इन्स्टाग्रामवर एक रील हमखास फिरायला लागतं. मुंबईतला ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे, विक्रोळीच्या आसपासचा रस्ता आणि दोन्ही बाजूंना गुलाबी फुलांनी डवरलेली झाडं. खाली कॅप्शन असते, 'जपानला कशाला जायचं? आपल्याकडेच चेरी ब्लॉसम आहे!'

फोटो खरा असतो, कॅप्शन चुकीची. ती चेरीची झाडं नाहीत. पण ते रील एक गोष्ट बरोबर सांगत असतं. आजूबाजूला काहीतरी बदलायला सुरुवात झालेली असते.

महाराष्ट्रात वसंत बर्फ वितळून येत नाही. आपल्याकडे थंडी असते तोवर तो कुठेतरी फुलायला लागलेला असतो, आणि लक्ष जाईपर्यंत उन्हाळा सुरू झालेला असतो. म्हणूनच त्याच्या खुणा माहीत असाव्या लागतात. त्या कोणत्या, त्यामागचं विज्ञान काय आणि कोकणातल्या बागायतदाराची झोप त्यावर का अवलंबून असते, हे समजून घेऊया.

वसंत नेमका कधी सुरू होतो?

या साध्या प्रश्नाची किमान चार उत्तरं आहेत.

पहिलं उत्तर वसंत पंचमीचं. माघ शुद्ध पंचमीला येणारा हा दिवस इंग्रजी कॅलेंडरनुसार जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य या काळात कधीही येतो. नावात वसंत असला तरी तेव्हा थंडी असते.

दुसरं उत्तर पंचांगाचं. आपल्या सहा ऋतूंपैकी वसंत म्हणजे चैत्र आणि वैशाख. म्हणजे गुढीपाडव्यापासून पुढचे दोन महिने. पण चांद्र महिने दरवर्षी मागेपुढे सरकतात आणि अधिक महिना आला की पुन्हा जागेवर येतात. त्यामुळे पाडवा एखाद्या वर्षी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात येतो, तर एखाद्या वर्षी एप्रिलमध्ये.

तिसरं उत्तर खगोलशास्त्राचं. २० किंवा २१ मार्चला वसंत संपात असतो. त्या सुमारास दिवस आणि रात्र जवळपास सारखे असतात. आपल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेचं वर्षही याच हिशोबाने सुरू होतं. तिचा १ चैत्र म्हणजे २२ मार्च आणि लीप वर्षात २१ मार्च.

चौथं उत्तर हवामान विभागाचं, आणि ते थोडं निराश करणारं आहे. भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीत जानेवारी-फेब्रुवारी हा हिवाळा, मार्च ते मे हा मान्सूनपूर्व काळ, जून ते सप्टेंबर मान्सून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर मान्सूनोत्तर काळ. यात वसंत नावाचा ऋतूच नाही.

झाडं यातलं कोणतंच कॅलेंडर बघत नाहीत. ती दिवसाची लांबी, तापमान आणि जमिनीतलं पाणी बघतात. एक गंमत म्हणजे, दिवस मोठा होतो तो संक्रांतीपासून असं आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात तो २२ डिसेंबरच्या आसपासच वाढायला लागलेला असतो. मुंबईत डिसेंबरमधला सर्वात लहान दिवस साधारण ११ तासांचा असतो आणि जूनमधला सर्वात मोठा सव्वातेरा तासांचा. फरक जेमतेम सव्वादोन तासांचा. पण आपल्याकडच्या बऱ्याच झाडांना तेवढा इशारा पुरतो.

पाऊस नाही, मग पालवी फुटते कुठून?

युरोपातला वसंत समजायला सोपा आहे. थंडी संपते, ऊब येते, झाडं जागी होतात. आपल्याकडे मात्र कोडं आहे. शेवटचा चांगला पाऊस होऊन चार-पाच महिने झालेले असतात. माती वरून कोरडी पडलेली असते. पुढचा पाऊस अजून तीन महिने लांब असतो. आणि नेमक्या याच वेळी झाडं कोवळी पानं काढतात. असं का?

याचं उत्तर पानगळीत आहे. पानं म्हणजे झाडाचं पाणी बाहेर टाकणारी लाखो छिद्रं. शिशिरात झाड जुनी पानं टाकून देतं, तेव्हा हा खर्च जवळपास थांबतो. मुळं मात्र खोलवरची ओल ओढत राहतात. ते पाणी खोडात आणि फांद्यांत साठतं. पुरेसं साठलं की कळ्या फुगतात आणि फुलं किंवा पालवी बाहेर पडते. म्हणजे पानगळ हा झाडाचा मृत्यू नसतो, बचत असते.

या वेळापत्रकाचा फायदाही आहे. पाऊस सुरू होईपर्यंत पानं पूर्ण वाढलेली असतात, त्यामुळे पहिल्या सरीपासून अन्न तयार करण्याचं काम जोरात चालतं. आत्ता फुललेल्या पळसाच्या शेंगा पावसाच्या तोंडावर जमिनीवर पडतात आणि बी लगेच रुजतं. काटेसावरीची बोंडं कोरड्या उन्हाळी वाऱ्यात फुटतात आणि कापसाला लटकून बी दूर उडत जातं. ओल्या कापसाने हे जमलं नसतं.

पहिली खूण: लाल आणि केशरी फुलं

घाटातून, विदर्भातून किंवा मराठवाड्यातून प्रवास करत असाल तर जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत तीन झाडं नजर खेचतात. तिन्हींची फुलं भडक असतात, तिन्ही निष्पर्ण असताना फुलतात आणि त्यामुळे तिन्हींच्या फोटोखाली 'पळस' असंच लिहिलेलं असतं. फरक असा ओळखा.

पळस: फूल केशरी, पोपटाच्या चोचीसारखं वाकलेलं आणि देठाजवळ काळपट मखमली टोपी. संस्कृतमध्ये याला किंशुक म्हणतात. 'हा पोपट तर नव्हे?' असा त्या शब्दाचा अर्थ सांगितला जातो. झाड वेडंवाकडं, फार उंच नसलेलं. 'पळसाला पाने तीनच' ही म्हण वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने जवळजवळ बरोबर आहे. ज्यांना आपण तीन पानं म्हणतो त्या खरं तर एकाच पानाच्या तीन पर्णिका असतात.

काटेसावर: झाड उंच आणि सरळ, फांद्या खोडाभोवती मजल्यांसारख्या आडव्या. कोवळ्या खोडावर शंकूसारखे काटे. फूल तळहाताएवढं, पाच जाड, मांसल पाकळ्यांचं, मध्ये पुंकेसरांचा झुबका. झाडाखाली उभं राहिलात तर फूल पडल्याचा 'थप्प' आवाज ऐकू येतो.

पांगारा: फूल गडद लाल, फांदीच्या टोकाला अरुंद पाकळ्यांचा पंजा असल्यासारखा तुरा. पानं पळसासारखीच तीन पर्णिकांची, पण फांद्यांवर काटे.

या तिन्हींना वास जवळपास नसतो, कारण त्यांची जाहिरात वासावर नाही, रंगावर चालते. त्यांचे मुख्य ग्राहक पक्षी आहेत. पक्ष्यांना लाल-केशरी रंग लांबून दिसतो आणि मध्ये पानांचा अडथळा नसतो. बदल्यात फूल भरपूर मध देतं. फुललेल्या काटेसावरीखाली दहा मिनिटं उभे राहा. मैना, बुलबुल, शिंजीर, कावळे, खारी अशी सगळी गर्दी एकाच झाडावर दिसेल. रात्री तिथेच वटवाघळं येतात.

या लाल-केशरी यादीत एक पिवळं नाव जोडा. सोनसावर, म्हणजेच गणेरी. खडकाळ डोंगरउतारावर, एकही पान नसलेल्या फांद्यांच्या टोकांना मोठी पिवळीधमक फुलं दिसली तर तीच समजा.

मग ते गुलाबी झाड कोणतं?

विक्रोळीच्या रस्त्यावरचं व्हायरल झाड म्हणजे टॅबेबुया रोझिया. आपल्याकडे त्याला वसंतराणी असंही म्हणतात. ते मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागातलं, आणि एल साल्वाडोर या देशाचा तो राष्ट्रीय वृक्ष आहे. फूल जवळून बघा. चेरीचं फूल छोटं आणि पाच सुट्या पाकळ्यांचं असतं, तर टॅबेबुयाचं फूल कर्ण्यासारखं असतं.

चेरीला फुलण्याआधी कित्येक आठवडे कडक थंडी लागते. मुंबईच्या हवेत ते शक्यच नाही.

शहराबाहेर, शेताच्या बांधावर किंवा हायवेच्या कडेला फिक्या गुलाबी-जांभळट फुलांनी लगडलेल्या लांब काठ्यांसारख्या फांद्या दिसल्या तर ते बहुधा गिरिपुष्प असतं. तेही मध्य अमेरिकेतून आलेलं. त्याचा पाला हिरवळीचं खत म्हणून शेतात वापरतात. उंदरांसाठी ते विषारी असल्याने काही भागांत त्याला उंदीरमारी म्हणतात.

परदेशी झाडांचे फोटो काढू नयेत असं अजिबात नाही. फक्त त्याच रस्त्यावर पुढे एखादा पांगारा उभा असेल, तर त्याच्याकडेही कॅमेरा वळवा.

दुसरी खूण: पालवीचा रंग

फुलांकडे सगळ्यांचं लक्ष जातं. वसंताची खरी मजा मात्र पानांत आहे, आणि ती शहरातही दिसते.

पिंपळ: नवी पानं तांबूस-गुलाबी, इतकी पातळ की ऊन आरपार दिसतं. चार-पाच दिवसांत ती पोपटी होतात. एकाच रस्त्यावरचे दोन पिंपळ बघा. एक पूर्ण उघडा आणि शेजारचा हिरवागार, असं सर्रास दिसतं. प्रत्येक झाडाचं वेळापत्रक स्वतंत्र असतं.

कुसुंब किंवा कोशिंब: सह्याद्रीत मार्चमध्ये एखादं झाड लालभडक दिसतं आणि आपण म्हणतो, वा, काय फुललंय! ती फुलं नसतात, पालवी असते. थोड्याच दिवसांत सगळं झाड हिरवं होऊन गर्दीत हरवतं.

करंज: पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर भरपूर आहे. मार्च-एप्रिलमध्ये त्याची पालवी इतकी चकचकीत पोपटी असते की पानं कुणी धुऊन ठेवल्यासारखी वाटतात.

कडुलिंब: फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गळतात, पाठोपाठ तांबूस पालवी येते आणि मग बारीक पांढऱ्या फुलांचे घोस. संध्याकाळी झाडाखालून जाताना मधासारखा गोड वास येतो. गुढीला बांधायला आपण जो कडुलिंब आणतो तो याच ताज्या पालवीचा.

कोवळी पानं लाल का असतात? त्यांत हिरवं हरितद्रव्य अजून पूर्ण भरलेलं नसतं, पण अँथोसायनिन नावाचं लाल रंगद्रव्य असतं. ते कोवळ्या पानाचं कडक उन्हापासून रक्षण करतं. लालसर पानं अनेक किडींना हिरव्या पानांइतकी आकर्षक वाटत नाहीत, असंही एक स्पष्टीकरण दिलं जातं.

तिसरी खूण: आवाज

सकाळी मोबाइल बाजूला ठेवून पाच मिनिटं खिडकीत उभे राहा. वसंत डोळ्यांआधी कानांना कळतो.

तांबट: 'टुक, टुक, टुक' असा एकसुरी आवाज, कुणीतरी लांबवर तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारतंय असा. थंडीत हा पक्षी बराचसा गप्प असतो. जानेवारी-फेब्रुवारीत त्याने ठोका धरला की त्याचा विणीचा काळ आला समजा. चिमणीहून थोडा मोठा, हिरवा, कपाळावर लाल ठिपका. हिरव्या पानांत तो दिसणं अवघड, पण ऐकू हमखास येतो. वाळक्या फांदीला भोक पाडून तो घर करतो.

कोकीळ: 'कोकिळा गाते' असं आपण म्हणतो, पण गातो तो नर, काळाभोर आणि लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके असलेली, आणि तिचा आवाज 'किक्-किक्-किक्' असा कर्कश. कोकीळ वसंतात कुठून येत नाही. तो वर्षभर इथेच असतो, फक्त थंडीत गप्प असतो. त्याचं गाणं तापायला लागतं ते कावळ्यांचा घरटी बांधायचा हंगाम जवळ येतो तसं, कारण मादीला अंडी घालायची असतात ती त्याच घरट्यात.

दयाळ: काळा-पांढरा, शेपटी उभारून बसणारा छोटा पक्षी. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे, अजून अंधार असताना, अँटेनाच्या किंवा झाडाच्या टोकावर बसून जी लांबलचक शीळ कुणी घालत असतं, ती बहुतेक वेळा याची असते.

पळसमैना: हिला भोरडी असंही म्हणतात. गुलाबी अंग, काळं डोकं. ही आपल्याकडे पाहुणी. मध्य आशिया आणि पूर्व युरोपातून पावसाळा संपता संपता येते आणि मार्च-एप्रिलमध्ये परत जाते. जाण्याआधी पळस-सावरीच्या फुलांवर तिचे थवेच्या थवे तुटून पडतात. तिच्या नावातच तिचं हॉटेल आहे.

चौथी खूण: तुमच्या गॅलरीत

जंगलात जायला वेळ नाही? हरकत नाही. चार कुंड्या असतील तरी पुरे.

मोगरा: थंडीत तो मरगळलेला असतो. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत छाटणी करा, थोडे दिवस पाणी कमी ठेवा, मग माती हलवून शेणखत किंवा कंपोस्ट घाला आणि पाणी वाढवा. नव्या फुटीच्या टोकाला कळी येते. जुन्या फांदीला छाटलं नाही तर फुलं कमी येतात. दिवसाला पाच-सहा तास ऊन हवंच.

पांढरा चाफा: पूर्ण उघड्या, जाडजूड फांदीच्या टोकाला हिरवा कोंब फुगलेला दिसेल. काही झाडांना आधी फुलं येतात आणि पानं नंतर. फांदी लावायची असेल तर हीच वेळ. कापलेला भाग काही दिवस सावलीत सुकू द्या, मग लावा. ओली लावली तर कुजते.

कडीपत्ता: थंडीत पिवळी पडलेली पानं गळून टोकाला लुसलुशीत फूट येते. शेंडा खुडला की बाजूने दोन फांद्या फुटतात.

जास्वंद: नवी फूट आली की पांढरा, कापसासारखा पिठ्या ढेकूणही येतो. वाढत्या उन्हात आणि कोरड्या हवेत तो झपाट्याने पसरतो. सुरुवातीलाच पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. मग एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि द्रव साबणाचे दोन-चार थेंब मिसळून संध्याकाळी फवारा.

भाज्या: भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका यांचं बी फेब्रुवारीत टाकता येतं.

आणि सर्वात महत्त्वाचं, गळलेली पानं जाळू नका. उघड्यावर पालापाचोळा जाळणं नियमाविरुद्ध आहेच, शिवाय त्यातून मिळतो फक्त धूर. तोच पाला दोन-तीन इंचाच्या थराने कुंडीत किंवा झाडाच्या बुंध्याभोवती पसरला तर माती गार राहते, पाणी कमी लागतं आणि पावसाळ्यापर्यंत त्याचं खत होतं.

या खुणांवर कुणाचं पोट अवलंबून आहे?

इथपर्यंत वसंत छान दिसतो. पण कोकणातल्या हापूसच्या बागायतदारासाठी हा सौंदर्याचा विषय नाही. त्याच्यासाठी 'मोहोर कधी आला?' हा वर्षभराच्या कमाईचा प्रश्न आहे.

पाऊस संपल्यावर जमीन कोरडी होणं आणि रात्री गारवा पडणं, हे दोन्ही झालं की आंब्याच्या पक्व फांद्यांना मोहोर फुटतो. गारवा आलाच नाही तर त्याच फांदीतून मोहोराऐवजी पालवी येते. शहरातल्या माणसाला तांबूस पालवी सुंदर वाटते. बागायतदाराला ती बघून धस्स होतं, कारण त्या फांदीवर यंदा आंबा नसतो.

मोहोर एकदम येत नाही, टप्प्याटप्प्याने येतो. नोव्हेंबर-डिसेंबरचा मोहोर म्हणजे लवकरचा आंबा आणि चांगला दर. फेब्रुवारीचा मोहोर म्हणजे मेअखेरचा आंबा, आणि तोवर वळवाचा पाऊस दारात असतो. एका तुऱ्यावर शेकड्याने, कधी हजाराहून जास्त फुलं असतात. त्यातली बहुतेक नर फुलं असतात आणि शेवटी पिकलेला आंबा होतो तो एक टक्क्याहूनही कमी फुलांचा. त्यामुळे मधल्या काळात छोटीशी गडबडही महागात पडते.

गडबडी अनेक आहेत. ढगाळ, दमट हवा आली की तुडतुडे आणि भुरी रोग वाढतो. अवकाळी पाऊस झाला तर मोहोर काळा पडून गळतो. एकदम उष्णता वाढली तर वाटाण्याएवढी, गोटीएवढी झालेली फळं गळतात. आणि एक विचित्र प्रकार म्हणजे पुनर्मोहोर. फळं धरलेली असताना पुन्हा कडक थंडी पडली तर झाड त्याच फांदीवर नवा मोहोर काढतं. अन्नरस नव्या मोहोराकडे वळतो आणि आधी धरलेली फळं गळून जातात. जास्त मोहोर दिसतो, पण आंबा कमी होतो.

पूर्व विदर्भात आणि नंदुरबारच्या सातपुड्यात हेच नातं मोहाशी आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची रसाळ फुलं पहाटेच्या सुमारास टपटप गळतात आणि आदिवासी कुटुंबं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली पोहोचतात. काही दिवसांचा हा हंगाम घरात रोख पैसा आणतो. त्या दिवसांत पाऊस झाला तर फुलं भिजतात, नासतात.

वसंत लवकर येतोय का?

तापमानाचं चित्र स्पष्ट आहे. हवामान विभागाच्या १९०१ पासूनच्या नोंदींमध्ये २०२२ चा मार्च हा तोवरचा देशातला सर्वात उष्ण मार्च ठरला. २०२३ च्या फेब्रुवारीत सरासरी कमाल तापमानाचा विक्रम मोडला. २०२५ चा फेब्रुवारी सरासरी तापमानाच्या हिशोबाने १९०१ पासूनचा सर्वात उष्ण फेब्रुवारी ठरला. म्हणजे थंडी आणि उन्हाळा यांच्यामधली जी जागा वसंताची होती, तीच आकसते आहे.

याचा झाडांवर काय परिणाम होतो, हे सांगायला मात्र जुन्या नोंदी लागतात. अशा अभ्यासाला ऋतुजीवशास्त्र म्हणतात. पहिलं फूल, पहिली पालवी, पहिली शीळ कोणत्या तारखेला, याची नोंद वर्षानुवर्षं ठेवायची. जपानमध्ये क्योटोच्या चेरीच्या बहराच्या नोंदी इसवी सन ८१२ पासूनच्या सापडतात. २०२१ मध्ये तो बहर २६ मार्चला शिगेला पोहोचला आणि बाराशे वर्षांतला सर्वात लवकरचा म्हणून जगभर बातमी झाली. इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यात रॉबर्ट मार्शम या जमीनदाराने १७३६ पासून वसंताच्या खुणा टिपायला सुरुवात केली आणि त्याच्या वंशजांनी हे काम १९५८ पर्यंत चालू ठेवलं. दोघांनाही हवामान बदल हा शब्द माहीत नव्हता. पण आज त्याच वह्या पुरावा म्हणून उघडल्या जातात.

मराठीत दुर्गा भागवतांनी 'ऋतुचक्र'मध्ये महिन्यामागून महिना निसर्ग टिपला. ते पुस्तक १९५६ मध्ये आलं. आपल्याकडे अशी नजर होती आणि आहे. कमी आहेत त्या तारीखवार, झाडवार नोंदी.

म्हणूनच एक सावधगिरी. 'यंदा बहावा फेब्रुवारीतच फुलला, बघा हवामान बदल!' अशी पोस्ट दिसली तर लगेच शेअर करू नका. बहाव्याचा मुख्य बहर एप्रिल-मेचा हे खरं आहे. पण एखादं झाड अवेळी फुलण्यामागे फांदी छाटली जाणं, मुळाशी खोदकाम होणं, पाण्याची गळती किंवा त्या झाडाचा स्वभाव असंही कारण असू शकतं. एका झाडाचं एक वर्ष म्हणजे किस्सा. अनेक झाडांची अनेक वर्षं म्हणजे माहिती.

तुम्ही काय करू शकता?

भारतात २०१० पासून 'सीझनवॉच' नावाचा नागरिकांचा उपक्रम चालू आहे. त्यात शाळा, विद्यार्थी आणि सामान्य माणसं आपल्या आसपासच्या झाडांच्या पानं, फुलं आणि फळांची नोंद करतात. त्यात सहभागी व्हा किंवा स्वतःची वही ठेवा. पद्धत सोपी आहे.

१. एकच झाड निवडा. रोजच्या वाटेवरचं, ज्याचं नाव खात्रीने माहीत आहे असं.

२. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी बघा. कळ्या, फुलं, कोवळी पानं, पिकलेली पानं, फळं. प्रत्येकासाठी 'नाही', 'थोडं', 'भरपूर' एवढंच लिहा.

३. 'काहीच नाही' हेही लिहा. फूल नसल्याची नोंद असेल तरच पहिलं फूल कधी आलं ते ठरवता येतं.

४. एकाच जागेवरून, एकाच कोनातून फोटो काढा. फोनमध्ये तारीख आपोआप नोंदली जाते.

५. किमान दोन वर्षं सोडू नका. पहिल्या वर्षी झाड ओळखीचं होतं, दुसऱ्या वर्षीपासून तुलना सुरू होते.

आणि तीन गोष्टी टाळा. रीलसाठी फुललेली फांदी मोडू नका. पळसाखाली कागद, सिगारेट काहीही पेटतं टाकू नका, कारण वसंतातला कोरडा पाला म्हणजे वणव्याला आयतं सरपण. सोसायटीतल्या झाडांची पावसाळ्यापूर्वीची छाटणी करायची असेल तर आधी रीतसर परवानगी घ्या आणि घरटी आहेत का ते बघा. शहरांत झाड तोडायला १९७५ च्या महाराष्ट्राच्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगी बंधनकारक आहे, आणि एप्रिल-मे हा नेमका पक्ष्यांच्या विणीचा काळ असतो.

थोडक्यात: कधी काय बघायचं?

जानेवारीचा दुसरा पंधरवडा: आंब्याचा मोहोर, तांबटाचा ठोका, शेवग्याची फुलं, काटेसावरीच्या पहिल्या कळ्या.

फेब्रुवारी: पळस, पांगारा, सोनसावर, गिरिपुष्प. शहरात टॅबेबुया. कडुलिंबाची पानगळ. मोगऱ्याची छाटणी.

मार्च: पिंपळ आणि कुसुंबाची पालवी, कोकीळ, मोह, मोगऱ्याची पहिली कळी. पळसमैनेचे परतीचे थवे.

एप्रिल: कडुलिंबाचा मोहोर, करंजाची पालवी, पहाटेचा दयाळ. बहावा आणि ताम्हण फुलायला लागले की वसंत संपत आला आणि उन्हाळ्याने ताबा घेतला असं समजा. जांभळ्या फुलांचं ताम्हण हे महाराष्ट्राचं राज्यफूल आहे.

या तारखा ढोबळ आहेत. कोकण, देश, मराठवाडा आणि विदर्भ यांच्यात काही आठवड्यांचा फरक पडतो, आणि एकाच गावातल्या दोन झाडांतही पडतो. तुमच्या भागातला वसंत नेमका कधी येतो, हे तुमच्या रोजच्या वाटेवरच्या झाडालाच माहीत आहे. या आठवड्यात एक झाड निवडा आणि पहिली नोंद करा. आज त्यावर काहीच नसलं तर तेच लिहा.